साथीत सोसायटीच्या गेटवर कोणाला अडवायचं आणि कोणाला नाही

कोविडच्या काळात मुलुंडला आमच्या सोसायटीची सेक्रेटरी मीच होते. पुन्हा साथ आली तर या खुर्चीत जे कोणी असेल, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आदेश लगेच नोटीस बोर्डावर डकवू नका. आधी तो कोणी काढलाय, कोणत्या कायद्याखाली आणि कधीपर्यंत, ते बघा. तेव्हाचे बहुतेक आदेश दोन कायद्यांखाली यायचे. एक २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि दुसरा १८९७चा साथरोग कायदा, जो आपल्याच मुंबईतल्या प्लेगमुळे इंग्रजांनी घाईघाईत केला होता. पोलिसांची जमावबंदी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली असायची, आता ती तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली येते. दोन्हीकडे मुदत दोन महिन्यांची, त्यापुढे वाढवायची तर राज्य सरकारला तसं ठरवावं लागतं. म्हणून तारीख वाचायची सवय लावून घ्या.

सरकारचा आदेश पटला नाही तरी पाळायचा, आणि हरकत असेल तर ती लेखी नोंदवायची. १५ ऑगस्ट २०२१पासून लोकलचा प्रवास दोन डोस घेतलेल्यांनाच खुला झाला. त्याविरुद्ध काही लोक हायकोर्टात गेले आणि फेब्रुवारी २०२२मध्ये कोर्टाने सांगितलं की ते आदेश कायद्याची रीत पाळून काढलेलेच नाहीत. तिकीट तपासनीसाशी फलाटावर हुज्जत घालून हे झालं नसतं.

खरी डोकेदुखी सरकारची नव्हती, आपल्याच कमिटीची होती. सरकार एक हात बांधायचं, आम्ही दुसराही बांधायला निघायचो. सर्वात मोठा वाद कामवाल्या मावशींचा. सरकारने मुभा दिल्यावरही ‘आमच्या गेटातून नाही’ म्हणणारे मेंबर निघाले, आणि त्यांच्याच गाड्या धुवायला येणारा मुलगा मात्र चालत होता! बी विंगमध्ये एक आजी एकट्या राहतात, त्यांना आंघोळीला मदत लागते. अशा वेळी मी मीटिंगमध्ये विचारायचे, ही बंदी कोणत्या आदेशात आहे, दाखवा. दाखवता आली नाही की मिनिट्समध्ये तसं लिहायचं. मिनिट्समध्ये नाव येणार म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो. मावशींनी मास्क लावावा, हात धुवावेत, ताप असेल त्या दिवशी पगार न कापता सुट्टी द्यावी, एवढ्यावर आमचं जमलं. पगाराचं कलम मी हट्टाने घातलं, कारण ते नसतं तर ताप कोणी सांगितलाच नसता.

गच्चीला कुलूप लावण्याआधी मजल्यांना वेळा ठरवून द्या. गर्दी टाळायची असते, माणसं नव्हेत. पेशंटचं नाव बोर्डावर लावू नका, विंग आणि मजला पुरे. इमारत किंवा मजला सील करणं हे महापालिकेचं काम, आपल्याकडे ते टी वॉर्डातून होतं. पण सील असतानाही डायलिसिसला जाणाऱ्याला वॉचमनने अडवता कामा नये. त्याला तसं लिहून द्या, तोंडी सांगितलेलं रात्रपाळीपर्यंत पोचत नाही.

लस न घेतलेल्या मेंबरचं काय? २ मे २०२२ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की लस कोणावर लादता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणात निर्बंध घालू शकतं. सरकार, कमिटी नव्हे. त्याची लिफ्ट बंद करायचा ठराव कोणी आणलाच, तर हे वाचून दाखवा.

आणि सोसायटीच्या प्रत्येक नियमाखाली तो संपण्याची तारीख घाला. राज्यातले निर्बंध १ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी उठले. आमच्या शेजारच्या इमारतीत डिलिव्हरीवाल्याला अजूनही लिफ्टने वर सोडत नाहीत. का म्हणून विचारलं, तर वॉचमन सांगतो, ‘कोविडचा नियम आहे, मॅडम.’