एक्स्चेंज बदलताना ऑफलाइन अ‍ॅड्रेस बुकचा घोळ: या चुका टाळा

एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरच्या मायग्रेशनमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्तीवरून नव्यावर जाताना, सगळ्यांचं लक्ष मेलबॉक्सवर असतं. मेलबॉक्स हलले, मेल सुरळीत सुरू झाली, की टीम हुश्श करते. मग फोन यायला लागतात: "नवीन मॅडमचं नाव वेबमेलवर दिसतंय, माझ्या आउटलुकमध्ये नाही." अशा वेळी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (संस्थेतल्या खात्यांची मूळ नोंदवही) उकरत बसू नका. वेबमेल सर्व्हरवरची यादी थेट वाचतो, तर कॅश्ड मोडमधला आउटलुक स्वतःच्या डिस्कवर उतरवलेली प्रत वाचतो. ती प्रत म्हणजे ऑफलाइन अ‍ॅड्रेस बुक, बोलताना ओएबी. वेबवर नाव आहे म्हणजे डिरेक्टरी ठीक आहे. गडबड ओएबी तयार होण्यात, वाटली जाण्यात किंवा तिच्या पत्त्यात आहे.

उदाहरण एक्स्चेंज २०१० वरून २०१३ किंवा २०१६ वर जाण्याचं घेऊ. २०१० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२० मध्येच संपला, पण तिथून थेट २०१९ वर उडी मारता येत नाही. मधला थांबा घ्यावाच लागतो आणि घोळ नेमका तिथेच होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक नवीन सर्व्हरचं सेटअप चालवण्याआधीची आहे. सेटअप स्वतःची नवी ओएबी बनवतं आणि तिलाच डिफॉल्ट करून टाकतं. मेलबॉक्स ज्यात साठवलेले असतात त्या जुन्या डेटाबेसच्या प्रॉपर्टीजमध्ये ओएबीचा रकाना रिकामा असेल, तर त्यातले सगळे आउटलुक आपोआप या नव्या डिफॉल्टकडे वळतात. ओएबी बदलली की रोजचा छोटा फरक उतरवून भागत नाही, पूर्ण यादी नव्याने उतरवावी लागते. हेड ऑफिसच्या लॅनवर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण बारीक लाइनवरच्या शाखेत एकाच सकाळी सगळ्यांचं डाउनलोड सुरू झालं की तिथलं बाकीचं कामही अडतं, आणि दोष मिळतो नेटवर्कवाल्यांना. उपाय काही मिनिटांचा आहे. सेटअपआधी प्रत्येक २०१० डेटाबेसवर जुनी ओएबी नाव घेऊन नेमून द्या. कुठल्या रकान्यात काय आहे ते एक्स्चेंजच्या कमांड विंडोतली गेट-मेलबॉक्सडेटाबेस ही कमांड सांगते.

दुसरी चूक जुन्या सवयीची. २०१० मध्ये एक नेमलेला मेलबॉक्स सर्व्हर ओएबी बनवायचा आणि फाइल डिस्ट्रिब्यूशन सर्व्हिस दर आठ तासांनी ती क्लायंट अ‍ॅक्सेस सर्व्हरवर (आउटलुक ज्याला जोडला जातो त्यावर) आणायची. काही अडलं की ती सर्व्हिस रीस्टार्ट करायची, हे हाताला बसलेलं असतं. २०१३ पासून ती सर्व्हिसच नाही. आता ओएबी बनते एका आर्बिट्रेशन मेलबॉक्सच्या, म्हणजे एक्स्चेंजच्या स्वतःच्या कामासाठीच्या सिस्टम मेलबॉक्सच्या जिवावर, ज्याला ओएबीजेन ही ओएबी बनवण्याची क्षमता दिलेली असते. हा मेलबॉक्स साध्या गेट-मेलबॉक्सला दिसत नाही, आर्बिट्रेशन हा स्विच जोडावा लागतो. म्हणूनच तो जुन्या डेटाबेसमध्ये विसरला जातो. सिस्टम मेलबॉक्स नव्या सर्व्हरवर हलवणं हे मायग्रेशनच्या सुरुवातीचं काम आहे, जुना सर्व्हर काढायच्या आदल्या संध्याकाळचं नाही. अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये ओएबीजेनचा मेलबॉक्स सापडत नसल्याची नोंद दिसली, तर आधी इथेच बघा.

मग पत्ता. ओएबीची इंटर्नल यूआरएल सुरुवातीला सर्व्हरच्याच नावाची असते, आणि सर्टिफिकेटवर बहुधा दुसरं नाव असतं. ती बदलायला सेट-ओएबीव्हर्च्युअलडिरेक्टरी वापरा. आउटलुकला प्रत्यक्षात कोणता पत्ता मिळतोय ते बघायला कंट्रोल दाबून घड्याळाजवळच्या आउटलुक चिन्हावर राइट क्लिक करा आणि ई-मेल ऑटोकॉन्फिगरेशनची टेस्ट चालवा. तिथे यूआरएलऐवजी पब्लिक फोल्डर असं आलं, तर वेब डिस्ट्रिब्यूशन (ओएबी वेब पत्त्यावरून वाटणं) लागलेलंच नाही. पब्लिक फोल्डरची वाट आउटलुक २००३ साठी होती. आयआयएसवर, म्हणजे विंडोजच्या वेब सर्व्हरवर, रूटला वेबमेलचा रीडायरेक्ट लावला असेल तर तोही तपासा. तो खालच्या ओएबी डिरेक्टरीलाही लागतो आणि डाउनलोड बंद पडतं.

घाई हीसुद्धा चूकच म्हणायला हवी. नव्या आवृत्तीत ओएबी साधारण दर आठ तासांनी बनते आणि आउटलुक चोवीस तासांतून एकदा ती मागतो. नाव दुपारी टाकलं आणि संध्याकाळी दिसलं नाही, तर काहीही बिघडलेलं नसू शकतं. तातडी असेल तर आधी अपडेट-ऑफलाइनअ‍ॅड्रेसबुक चालवा, ते पूर्ण होऊ द्या, आणि मगच आउटलुकच्या सेंड/रिसीव्हमधून डाउनलोड अ‍ॅड्रेस बुक. क्रम उलटा केलात तर जुनीच प्रत पुन्हा उतरते.

डाउनलोडवर शेवटी ४०१०एफ असलेला एरर आला, तर आउटलुकला हवी ती वस्तू सापडत नाहीये. मायग्रेशनच्या काळात त्यामागे बऱ्याचदा अतिउत्साही साफसफाई असते: शेवटचे काही मेलबॉक्स अजून २०१० वर आणि त्यांच्या डेटाबेसला नेमलेली ओएबी कुणीतरी उडवलेली. शेवटचा मेलबॉक्स हलेपर्यंत तिला हात लावू नका.