जुन्या बीटलची पॉवर वाढवताना या चुका टाळा

कात्रजच्या जुन्या घाटात फोक्सवॅगनची जुनी बीटल (इंजिन मागे, हवेवर थंड होणारं) दमली की मालकाच्या डोक्यात एकच विचार येतो: मोठे पिस्टन टाकू. मीही तेच केलं होतं आणि वर्षभरात तीन नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळालेला वायू बाहेर सोडणारा) जाळून बसलो. मिस्त्रीने पिस्टन नीट बसवले होते. घोळ माझाच होता, कारण वाढलेली उष्णता बाहेर कुठून जाणार याचा मी विचारच केला नव्हता. एअर-कूल्ड इंजिनाला रेडिएटर नसतो. हवा आणि ऑइल, एवढ्यावरच त्याचा कारभार चालतो.

म्हणून पैसे आधी हवेला वाट दाखवणाऱ्या पत्र्यांवर खर्च करा. पुण्यातल्या कितीतरी जुन्या गाड्यांच्या इंजिनाभोवतीचे काही पत्रे कुठल्यातरी ओव्हरहॉलमध्ये काढून ठेवले गेले आणि परत बसलेच नाहीत. मागच्या इंजिनाचे पत्रे आणि बॉडी यांच्यामधली रबरी पट्टी तर बहुतेकांच्या गाडीत नसतेच. मग खाली सायलेन्सरजवळ तापलेली हवा वर येते, फॅन तीच ओढतो आणि तीच पुन्हा इंजिनावर मारतो. फॅनच्या तोंडाशी राहिलेलं फडकं, ऑइल कूलरच्या पाकळ्यांत उंदरांनी केलेलं घर, हेही बघा. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास सापडतं.

तीन नंबरच का जळतो? जुन्या रचनेत ऑइल कूलर फॅनच्या आवरणाच्या आत, डावीकडच्या पुढच्या सिलिंडरच्या वाटेतच उभा असतो. त्या सिलिंडरला हवा कमी मिळते, आणि मिळते तीही तापलेली. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवून त्याला वेगळी हवा दिली. तुमच्याकडे जुनं आवरण असेल तर हा बदल कार्बोरेटरच्या आधी करा. दर वेळी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघताना (थंड इंजिन, ०.१५ मिमी) तीन नंबरच्या एक्झॉस्टची फट कमी झालेली दिसली, तर ती वाढवून गप्प बसू नका. व्हॉल्व्ह लांबतोय किंवा सीटमध्ये धसतोय. हेड उतरवायची वेळ आली आहे.

आता बॅरल, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ते नळकांडं. मूळ १५८४ सीसीला ८५.५ मिमीचे असतात. लेथवर न जाता थेट बसणारे ८७ चे मिळतात आणि १६४१ सीसी होते. ऐकायला बरं, पण क्रँककेसचं (इंजिनाच्या मुख्य सांगाड्याचं) भोक तेच आणि पिस्टन मोठा, म्हणजे बॅरलची भिंत पातळ. तापली की ती गोल राहत नाही, ऑइल खायला लागते. मोठं करायचंच असेल तर क्रँककेस आणि हेड मशीन करून ९०.५ बसवा, १७७६ सीसी मिळते. नाहीतर ८५.५ वरच राहा. आणि काहीही करा, पण बॅरल बसवल्यावर वरच्या टोकाला पिस्टन किती खाली राहतो ते मोजून कॉम्प्रेशन काढा. अंदाजपंचे काम केलं की घाटात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) आलंच.

सिग्नल सुटल्यावर गाडी गचका खात असेल तर बहुधा कोणीतरी डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्यूम नसलेला, म्हणजे इंजिनाच्या ओढीनुसार ठिणगी पुढे न नेणारा, बसवला आहे. रेसवाल्यांचं बघून लोक तो लावतात. एका कार्बोरेटरच्या गाडीला गावात फिरायचं असेल तर व्हॅक्यूमवाला परत लावा. टायमिंग (ठिणगीची वेळ) तपासताना त्याची नळी काढून ३००० आरपीएमच्या वर एकूण २८ ते ३२ अंश बघा.

कार्बोरेटरच्या जेटची (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तयार कोष्टकं इथे चालत नाहीत. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणून हवा विरळ आणि मिश्रण थोडं जाड, म्हणजे पेट्रोल जास्त, होतं. उलट वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल ते पातळ करतं, आणि दोन्ही धरून कल पातळकडेच राहतो. पातळ म्हणजे पुन्हा उष्णता. मोठा जेट घालून प्लगचा रंग वाचा: फिकट पांढरा दिसला तर अजून एक नंबर वर जा. त्याच इथेनॉलने जुन्या रबरी पेट्रोल नळ्या मऊ पडतात. नव्या नळ्यांसाठी नाना पेठेत, पुण्याच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात, एक फेरी माराच. मागे गरम इंजिन आणि वर गळकी नळी, बीटल पेटायला एवढं पुरतं.

ऑइल अडीच लिटर, आणि फिल्टर म्हणाल तर नुसती जाळी. पाच हजार किलोमीटरच्या आत बदला.

काम झालं की रविवारी पहाटे, ट्रक कमी असताना, जुन्या कात्रज घाटात जा. बोगद्याच्या अलीकडे थांबा आणि ऑइलची काठी काढून बोटांत धरा. धरवली तर खेड शिवापूरपर्यंत खुशाल जा. चटका बसला तर तिथूनच मागे फिरा आणि पत्रे पुन्हा तपासा.