मसल कारच्या हॉर्सपॉवरची तुलना करताना या चुका टाळा

मसल कार म्हणजे मोठ्या, ताकदवान इंजिनाची अमेरिकी गाडी. त्यांपैकी शेव्हरोले कॅमॅरो झेड/28 मधील 350 घन इंची एलटी-1 इंजिनाची ताकद 1970 साली 360, 1971 साली 330 आणि 1972 साली 255 हॉर्सपॉवर अशी जाहीर झाली होती. हे तीन आकडे एकाखाली एक मांडले, की दोन वर्षांत इंजिनाची जवळपास 30 टक्के ताकद गेली, असे वाटते. प्रत्यक्षात या घसरणीचा निम्म्याहून अधिक भाग केवळ मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे दिसतो. एकाच कुटुंबातील, म्हणजे एकमेकींशी नाते असलेल्या गाड्यांची तुलना करताना होणाऱ्या बहुतेक चुका अशाच असतात: गणित बरोबर असते, पण आकडे एका जातीचे नसतात.

चूक पहिली: ग्रॉस आणि नेट आकडे एकाच रांगेत बसवणे

1971 पर्यंत अमेरिकी कंपन्या प्रामुख्याने ग्रॉस हॉर्सपॉवर सांगत असत. इंजिन गाडीबाहेर, चाचणीच्या स्टँडवर ठेवलेले असे. त्याला एअर फिल्टर, अल्टरनेटर किंवा गाडीचा नेहमीचा एक्झॉस्ट जोडलेला नसे आणि इग्निशन टायमिंगही सर्वाधिक ताकद मिळेल असे लावता येत असे. 1972 पासून नेट आकडा रूढ झाला, ज्यात इंजिन गाडीत बसते तशाच साजासह मोजले जाते. मधल्या 1971 या वर्षासाठी जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले आणि म्हणूनच ते वर्ष अभ्यासकाला सर्वांत उपयोगी पडते. त्या वर्षी एलटी-1 चे ग्रॉस 330 म्हणजे नेट 275 होते. याचा अर्थ 360 वरून 330 ही घट खरी आहे, कारण कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) 11 वरून 9 वर आणण्यात आला होता. 275 वरून 255 ही घटही नेट आकड्यांतलीच आहे. मधले 55 हॉर्सपॉवर मात्र फक्त कागदावर गेले.

यावर उपाय म्हणून अनेक जण ग्रॉस आकड्याला 0.8 ने गुणून मोकळे होतात. हा ठोकताळा अंदाजापुरता ठीक आहे, पण दोन भावंडांमधील दहा-वीस हॉर्सपॉवरचा फरक ठरवायला तो कुचकामी आहे. 1971 मध्येच एलटी-1 चे नेट आकडे ग्रॉसच्या 83 टक्के होते, क्रायस्लरच्या 426 हेमीचे 425 पैकी 350, म्हणजे 82 टक्के, तर शेव्हरोलेच्या 454 घन इंची एलएस5 चे 365 पैकी 285, म्हणजे जेमतेम 78 टक्के होते. ज्या इंजिनासाठी दोन्ही आकडे छापील मिळत नाहीत, त्याचे रूपांतर करून निष्कर्ष काढू नये.

चूक दुसरी: माहितीपत्रकातील आकडा म्हणजे मोजमाप, असे मानणे

कंपन्या आकडे हातचे राखून सांगत असत आणि हा भाग सर्वांत रंजक आहे. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या 427 घन इंची एल71 इंजिनाला 435 हॉर्सपॉवर दिलेले होते, तर शर्यतीसाठीच घडवलेल्या, अधिक कॉम्प्रेशनच्या एल88 ला 430. ग्राहकाने आकडा पाहून एल71 घ्यावे आणि एल88 जाणकारांसाठी राहावे, हा त्यामागचा हेतू होता. 1969 साली कॅमॅरोत बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या झेडएल1 इंजिनाच्या नावावरही तेच 430 होते. ही इंजिने प्रत्यक्षात 500 च्या पुढे जात.

भावंडांमधील तफावतीला आणखी एक कारण असे. जनरल मोटर्सच्या अंतर्गत धोरणानुसार, कॉर्व्हेट वगळता, दर दहा पौंड वजनामागे एकाहून अधिक हॉर्सपॉवर असू नये, अशी मर्यादा होती. जनरल मोटर्सच्याच पाँटिअॅक ब्रँडच्या 1967 च्या फायरबर्डमध्ये त्याच ब्रँडच्या जीटीओचेच 400 घन इंची इंजिन होते, पण गाडी हलकी असल्यामुळे ताकद 325 सांगितली गेली, तर जीटीओत ती 335 ते 360 होती. फायरबर्डच्या कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या भागाच्या) लिंकेजवर एक छोटी धातूची पट्टी होती, जिच्यामुळे दुय्यम झडपा पूर्ण उघडत नसत. 1969 साली रॅम एअर फोर इंजिनाला जीटीओत 370 आणि फायरबर्डमध्ये 345 आकडा मिळाला. 25 हॉर्सपॉवरचा हा फरक वाचून फायरबर्डला कमजोर ठरवणे घाईचे होईल.

हा प्रकार जुन्या काळापुरता नाही. 1998 मध्ये एलएस1 इंजिनाला कॉर्व्हेटमध्ये 345 आणि कॅमॅरो झेड28 मध्ये 305 हॉर्सपॉवर दिलेले होते; दोघांतील खरा फरक त्या 40 पेक्षा बराच कमी आहे, हे मालकांना चाकांवर मोजल्यावर कळले. उलटही घडते: 1999 च्या मस्टँग कोब्राची जाहीर ताकद 320 होती, ती प्रत्यक्षात भरेना, तेव्हा फोर्डला गाड्या परत बोलावून दुरुस्त कराव्या लागल्या.

चूक तिसरी: घन इंच सारखे म्हणजे इंजिन सारखे

1970 साली जनरल मोटर्सच्या पाँटिअॅक, ओल्ड्समोबिल आणि ब्यूक या तिन्ही ब्रँडांकडे 455 घन इंची इंजिन होते. तिन्ही वेगवेगळ्या रचनेची आहेत: पाँटिअॅकचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली हालचाल) 4.21 इंच, ओल्ड्समोबिलचा 4.25, तर ब्यूकचा फक्त 3.9, कारण त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) मोठा आहे. ब्यूकच्या स्टेज 1 चे 360 हॉर्सपॉवर शेव्हरोले शेव्हेलच्या एलएस6 इंजिनाच्या 450 पुढे फिके वाटतात. पण ब्यूकचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) 510 फूट-पौंड, तर एलएस6 चा 500, आणि ब्यूकचा तो कमी आरपीएमला मिळतो. नावावरही विसंबू नये: 1970 च्या शेव्हेल एसएस 396 मध्ये खरे तर 402 घन इंच होते.

गाडीत नेमके कोणते इंजिन आले होते, हेही तपासावे लागते. 1970 च्या प्लिमथ आणि डॉजच्या चेसिस क्रमांकातील पाचवे अक्षर ते सांगते: आर म्हणजे 426 हेमी, व्ही म्हणजे तीन कार्ब्युरेटरचे 440. शेव्हरोलेच्या चेसिस क्रमांकात मात्र 1972 पूर्वी इंजिनाचा संकेत नसे, म्हणून तेथे कारखान्याची कागदपत्रे आणि ब्लॉकवरील शिक्का यांखेरीज इलाज नाही.

शेवटी एककाकडे लक्ष द्यावे. भारतात 2016 मध्ये आलेल्या मस्टँग जीटीची ताकद 401 पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) होती, म्हणजे सुमारे 395 हॉर्सपॉवर. त्याच पिढीच्या अमेरिकी मस्टँग जीटीला 435 हॉर्सपॉवर होते, त्यामुळे भारतीय गाडीची तुलना करताना 40 चा फरक धरावा, 34 चा नव्हे.