शाळेच्या नियमांवर इंग्रजीत बोलायचंय? आधी डायरी उघडा

मूल इंग्लिश मीडियमला आणि पीटीएम, म्हणजे पालक-शिक्षक मीटिंग आली की घशाला कोरड, अशा आईबाबांसाठी हे लिहितेय. लगेच स्पोकन इंग्लिशचा क्लास नका लावू, शाळेच्या डायरीत सुरुवातीलाच रूल्स छापलेले असतात ना, ती पानं रोज मोठ्याने वाचा. युनिफॉर्म, लेट मार्क, अटेंडन्स, फाइन हे शब्द आपण मराठी बोलतानाही वापरतोच, अडतं ते वाक्य जुळवताना.

वाचताना मस्ट, शुड आणि मे नीट बघा. 'मस्ट वेअर ब्लॅक शूज' म्हणजे सक्ती, 'शुड' म्हणजे तसं केलेलं बरं, आणि 'पॅरेंट्स मे बाय बुक्स फ्रॉम द स्कूल' असं असेल तर तिथूनच घ्यायची सक्ती नाही, मग सरळ विचारा, 'इट सेज मे, सो कॅन वी बाय देम आउटसाइड?' पण 'मे नॉट' दिसलं तर ती बंदी असते हां, 'स्टुडंट्स मे नॉट ब्रिंग फोन्स' म्हणजे फोन आणायचाच नाही.

एक वाक्य पाठच करा, 'कुड यू प्लीज गिव्ह मी धिस इन रायटिंग?' कारण तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही. तक्रार असेल तर 'माय कन्सर्न इज' ने सुरू करा, टीचरवर आवाज चढवू नका, बिचाऱ्या वरून आलेला नियमच सांगत असतात.

आणि थोडा कायदा माहीत असू द्या, बोलायला बळ येतं. मुलाला मारलं किंवा मानसिक त्रास दिला तर म्हणा, 'सेक्शन सेव्हन्टीन ऑफ द आरटीई ॲक्ट प्रोहिबिट्स धिस', म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने याला बंदी आहे, हा कायदा २००९ चा. फी वाढली तर विचारा, 'डिड द पीटीए एक्झिक्युटिव्ह कमिटी अप्रूव्ह धिस?' म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने हे मंजूर केलंय का? महाराष्ट्रात २०११ च्या फी कायद्याने फीचा प्रस्ताव त्या कमिटीसमोर ठेवावाच लागतो. दप्तर जड असेल तर २०२० ची स्कूल बॅग पॉलिसी सांगा, मुलाच्या वजनाच्या १० टक्के, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३ किलो.

सराव घरीच करा, मुलाला टीचर बनवा आणि उलट प्रश्न विचारायला लावा, मुलं फार आवडीने करतात. आणि मीटिंगमध्ये मध्येच शब्द सुचला नाही तर 'लेट मी एक्सप्लेन इन मराठी' म्हणा आणि मुद्दा पूर्ण करूनच खाली बसा.