गोल हिऱ्याची चमक यंत्रावर तोलताना

एकाच वजनाचे, एकाच रंगाचे आणि एकाच शुद्धतेचे दोन गोल हिरे घ्या. दोघांच्या सर्टिफिकेटवर कट (घासणीचा दर्जा) ‘एक्सलंट’. पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले की एक लखलखीत दिसतो आणि दुसरा मधोमध मलूल. या धंद्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला हे कोडं पहिल्याच आठवड्यात पडतं. लाइट परफॉर्मन्स मशिनं, म्हणजे हिऱ्याची चमक तपासणारी यंत्रं, त्यासाठीच आली. मुंबईत बीकेसीतल्या एका ऑफिसात मी गोल हिऱ्यांची अशी तुलना करण्याचं काम करते. फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली मराठी मुलं-मुली आता या कामाकडे वळू लागली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी थोडं दहावीचं विज्ञान उजळून घ्या. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42 आहे, त्यामुळे त्याचा क्रांतिक कोन जेमतेम 24.4 अंश. साध्या काचेचा 42 च्या आसपास. म्हणजे हिऱ्यात शिरलेला बराचसा प्रकाश आतल्या आत पूर्ण परावर्तित होऊन वरून परत येऊ शकतो, पण खालचे पैलू योग्य कोनात घासलेले असतील तरच. मार्सेल टोलकोव्स्की या अभियंत्याने 1919 मध्ये गणित मांडून टेबल (माथ्यावरचा सपाट पैलू) व्यासाच्या 53 टक्के, क्राउन (वरचा उतरता भाग) 34.5 अंश आणि पॅव्हिलियन (खालचा निमुळता भाग) 40.75 अंश ही प्रमाणं सांगितली. आजही गप्पा त्याच्याभोवतीच फिरतात. कारागिरांशी बोलताना मात्र हे इंग्रजी शब्द कमी ऐकू येतील. सुरतेत क्राउनला मथाळा, पॅव्हिलियनला तळिया आणि पैलूला पेल म्हणतात, आणि मुंबईच्या बाजारातही गुजरातीशिवाय पान हलत नाही. ती भाषा कानावर पडू द्या. निम्मं काम तिथेच सोपं होतं.

‘मशीन’ म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात घालू नका. काही यंत्रं फक्त मोजमाप करतात: दगड फिरवत त्याच्या कडांची छायाचित्रं घेतात, त्यातून त्रिमितीय आकृती बनवतात आणि कोन सांगतात. त्या आकृतीवर सॉफ्टवेअरने किरण सोडून चमकेचा अंदाजही बांधता येतो, पण तो आकृतीचा अंदाज असतो. दगडातलं धुरकटपण किंवा वाईट पॉलिश त्याला दिसत नाही. इस्रायलच्या सरीन कंपनीच्या सरीन लाइटसारखी दुसरी यंत्रं ठरावीक प्रकाशयोजनेत खऱ्या दगडाचेच फोटो घेतात आणि ब्रिलियन्स (उजळपणा), फायर (रंगांचे तुकडे), स्पार्कल (चमकारे) असे वेगवेगळे गुण देतात. आणि तिसरी, माझी सर्वांत लाडकी, म्हणजे साधी परावर्तकाची साधनं: आयडियल-स्कोप आणि ॲसेट. यात गुण वगैरे काही नसतात, फक्त रंग दिसतात. ॲसेटमध्ये क्षितिजापासून 45 ते 75 अंशांतून येणारा प्रकाश लाल, 45 च्या खालचा हिरवा आणि 75 च्या वरचा निळा दिसतो. निळा म्हणजे बघणाऱ्याच्या डोक्याने अडवलेला भाग. जिथे पांढरं किंवा काळं दिसतं तिथे प्रकाश मागून निसटतोय (मागे दिवा आहे की काळी पार्श्वभूमी, त्यावर रंग ठरतो).

माझं मत स्पष्ट आहे: नव्या माणसाने सुरुवातीला गुणांचा कागद झाकून ठेवावा आणि ॲसेटची चित्रं बघावीत. चांगल्या गोल दगडात लाल रंगावर आठ निळे बाण सारख्या रुंदीचे दिसतात. मथाळा 36 अंश आणि तळिया 41.4 झाला की टेबलाच्या कडेखाली फिकट वलय उमटतं. बाजारात याला स्टीप-डीप म्हणतात. आणि हा दगड जीआयए या सर्टिफिकेट देणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या एक्सलंटमध्ये बसू शकतो, कारण त्या श्रेणीत बरीच रुंद पट्टी सामावलेली आहे. वर सांगितलेला मलूल दगड बहुतेक वेळा हाच निघतो. तो असा का घासला जातो? वजनासाठी. एक कॅरटच्या खाली गेलं की भाव दाणकन उतरतो, म्हणून कच्च्या मालातून 1.00 टिकवायला कोन चढे ठेवतात. चांगला एक कॅरटचा गोल दगड साधारण 6.4 ते 6.5 मिलिमीटर भरतो. 6.2 वर आला तर चमक बघण्याआधीच समजा की वजन खाली पोटात दडवलंय. उलट तळिया 40 च्याही खाली उथळ गेला आणि टेबल मोठं असलं, तर गर्डलचं (हिऱ्याच्या मधल्या कडेचं) प्रतिबिंब टेबलाच्या आत कड्यासारखं दिसतं. त्याला फिश-आय म्हणतात, आणि तो एकदा ओळखता आला की लूपशिवायही (भिंगाशिवायही) ओळखता येतो.

आता सर्टिफिकेटवरच्या आकड्यांबद्दल. जीआयए क्राउनचा कोन अर्ध्या अंशाला आणि पॅव्हिलियनचा 0.2 अंशाला पूर्णांकित करून छापते. शिवाय तो आठ पैलूंचा सरासरी कोन असतो. आठही पैलू 40.8 चे असले तरी सरासरी 40.8, आणि काही 40.4 तर काही 41.2 असले तरी तेवढीच. दुसऱ्या दगडाचे बाण वाकडे दिसतील, पण कागदावर दोघे जुळे भाऊ. म्हणून मोजणीच्या यंत्रातून प्रत्येक पैलूचा वेगळा कोन काढून ठेवायची सवय लावा. बहुतेक ठिकाणी सरासरीवर भागवतात, तुम्ही नका भागवू.

मशीनवर बसल्यावरची शिस्त कंटाळवाणी आहे, पण तिच्यावाचून सगळे आकडे फुकट. हिरा तेलाला धरून ठेवतो. खाणीतसुद्धा ग्रीस लावलेल्या पृष्ठभागावर चिकटवून हिरे खडीतून वेगळे काढत असत. बोटाचा एक ठसा चमक उतरवायला पुरेसा असतो. त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं कापड, आणि त्यानंतर फक्त चिमटा. मोजणीच्या यंत्रात धुळीच्या कणामुळे मुळात नसलेलाच पैलू दिसू शकतो. मग एकच दगड काढून, पुन्हा ठेवून, थोडा फिरवून काही वेळा मोजा. दरवेळी उत्तर किंचित बदलेल. तो बदल म्हणजे यंत्राची स्वतःची थरथर. दोन दगडांतला फरक त्या थरथरीपेक्षा लहान असेल तर फरक नाहीच असं लिहा. हे लिहायला धीर लागतो, कारण समोरचा व्यापारी ‘सांग ना, कुठला वर?’ म्हणून बसलेला असतो. एक दगड कायमचा संदर्भासाठी बाजूला ठेवा आणि रोज सकाळी आधी तोच मोजा. त्याचा आकडा सरकला तर दिवा किंवा कॅमेरा बिघडलाय, माल नाही.

एका कंपनीच्या यंत्राचे गुण दुसऱ्या कंपनीच्या गुणांशी लावू नका. प्रत्येकाची प्रकाशयोजना वेगळी, गुणांची पट्टी वेगळी. एकाच यंत्रावर आकाराने जवळचे दगडच तोला. तीस सेंटचा (0.30 कॅरटचा) दगड आणि एक कॅरटचा दगड डोळ्याला वेगवेगळ्या आकाराचे चमकारे देतात.

यंत्राला फसवताही येतं. गर्डलजवळचे पेल थोडे फिरवून घासले की त्याला पेंटिंग म्हणतात. असा दगड आयडियल-स्कोपमध्ये (तिथे लाल म्हणजे परत येणारा प्रकाश) काठापर्यंत गच्च लाल दिसतो, नवशिक्या खूश होतो. प्रत्यक्षात उजेड-अंधाराचा खेळ कमी झाल्याने हलवल्यावर तो थोडा सपाट वाटतो. चमकेला आजूबाजूचा अंधारही लागतो. म्हणूनच यंत्राआधी डोळ्याने क्रम लावावा: खिडकीजवळच्या मऊ उजेडात, ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली आणि एका टोकदार, म्हणजे एकाच बिंदूतून उजेड देणाऱ्या, दिव्याखाली. मऊ उजेडात उजळपणा कळतो, टोकदार दिव्यात रंगांचे तुकडे. दागिन्यांच्या दुकानातल्या स्पॉटलाइटखाली मात्र काहीही ठरवू नका, तिथे सगळेच राजे. आपला क्रम आणि यंत्राचा क्रम जुळला नाही तर तो दगड वेगळ्या पडीत (कागदी पुडीत) बांधून ठेवा. शिकवतात तेच दगड.

लोअर हाफची, म्हणजे तळियातल्या गर्डलला टेकलेल्या पेलांची, लांबीही बघा. 75 टक्क्यांच्या आसपास बाण रुंद आणि चमकारे ठसठशीत, 85 कडे गेली की बाण बारीक आणि चमक चुरचुरीत. इथे चांगलं-वाईट काही नसतं, गिऱ्हाइकाची आवड असते, आणि यंत्राचा एकच गुण ती सांगू शकत नाही.

सुरुवातीला महागडं काही विकत घ्यायची गरज नाही. दहापट लूप आणि एक आयडियल-स्कोप पुरे. सुरतेची इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट आणि मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया इथे रीतसर शिक्षण मिळतं. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष दगड हाताळायला किती मिळतात तेवढं विचारून घ्या. मुलाखतीला जाताना आपण काढलेल्या ॲसेट चित्रांची वही बरोबर न्या, प्रत्येक चित्राखाली कोन आणि आपला शेरा लिहिलेला. मी स्वतः उमेदवार निवडायला बसते तेव्हा सर्टिफिकेटांच्या आधी ती वही मागते.