डिस्चार्ज बुकात परदेश सेवेची नोंद नसेल तर: अर्जाआधीची तयारी

अप्पा दोन दिवाळ्या जाफन्यात होते हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं, पण डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, उघडलं तर त्यात श्रीलंकेचं नाव नाही की विदेश सेवा मेडलचा उल्लेख नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरीकडच्या माजी सैनिकांच्या घरांत हे काही नवल नाही. मग घरातला शिकलेला मुलगा नाहीतर जावई चार पानी अर्ज लिहितो, देशासाठी काय काय सोसलं ते सांगतो, बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी भागात, नेऊन देतो, आणि ‘नोंद आढळत नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर येतं. रेकॉर्ड ऑफिसचा, म्हणजे जवानांच्या सेवेचे कागद ठेवणाऱ्या कचेरीचा, क्लार्क सोसलेलं वाचत नाही. तो नंबर, रँक, नाव, पलटण, तारीख आणि ऑर्डर नंबर वाचतो. म्हणून अर्ज शेवटी, आधी बाकीची जुळवाजुळव.

पहिल्यांदा कागद कुठल्या गावी आहेत ते बघा. बेळगावचा फौजी म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचाच, असं आपण धरून चालतो. रेजिमेंटचं सेंटर १९२२ पासून इथंच असल्यानं ते साहजिकही आहे, आणि मराठा जवानांचे कागद इथल्याच रेकॉर्ड ऑफिसात मिळतात. पण तोफखान्यातला असेल तर नाशिक रोड, सिग्नल्सचा असेल तर जबलपूर, ईएमईचा (फौजेतले यंत्रदुरुस्तीवाले) सिकंदराबाद, बॉम्बे सॅपर्सचा (इंजिनिअर) खडकी, महारचा सागर, मेडिकल कोअरचा लखनौ. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या केंद्रात शिकून हवाई दलात गेलेल्याचे कागद दिल्लीत. चुकीच्या दारात दिलेला अर्ज तिथंच पडून राहतो.

मग दावा नेमका कशाचा आहे ते ठरवा. भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली ती २९ जुलै १९८७ च्या करारानंतर, आणि शेवटची तुकडी परतली २४ मार्च १९९० ला. या दोन तारखांच्या बाहेरचा महिना अर्जात पडला तर अख्खा अर्ज संशयात येतो. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीत वर्ष पुढंमागं होतंच, तेव्हा त्यांच्याकडून साल विचारून घेऊ नका. कुठला सण तिकडे झाला, थोरली तेव्हा किती वर्षांची होती, परत आल्यावर कुठल्या पिकाची काढणी चालू होती, असं विचारा आणि साल तुम्ही काढा. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमा वेगळ्या: गाझा १९५६ ते १९६७, काँगो १९६० ते १९६४, सोमालिया १९९३-९४, आणि पुढच्या अनेक. त्यांचं मेडल संयुक्त राष्ट्रं देतात, बहुतेक मोहिमांत किमान ९० दिवसांच्या सेवेवर. विदेश सेवा मेडल मात्र आपल्या सरकारचं, त्यावर देशाच्या नावाची पट्टी असते. भूतानमधल्या ट्रेनिंग टीमची नोकरीही परदेशातच धरतात, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. उलट १९७१ ला ढाक्याच्या बाजूला लढलेले काका ‘मीही परदेशात होतो’ म्हणतात, त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण त्यासाठी ‘पूर्वी स्टार’ हे वेगळं मेडल आहे आणि ती फाईल निराळी.

आता मुख्य काम. चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली ते शोधायचं. जवान कुठं गेला, कधी आला, कुठल्या युनिटला जोडला, हे सगळं पलटण ‘पार्ट टू ऑर्डर’ काढून कळवते. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथं शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या मूळ सेवापटावर, चढते, आणि पेन्शनीच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. शीट रोलवर नोंद असून फक्त पुस्तकात उतरायची राहिली असेल तर काम सोपं, एका अर्जात होण्यासारखं. ऑर्डर निघाली पण शीट रोलवर चढली नाही, तर त्या ऑर्डरचा नंबर आणि तारीख मिळवणं आलं. ऑर्डरच निघाली नसेल तर मात्र पुरावा तुम्हाला उभा करावा लागतो. बहुधा अडकतात ते अटॅचमेंटवर गेलेले: ड्रायव्हर, स्वयंपाकी, वायरलेसवाला, नर्सिंग असिस्टंट. त्यांची मूळ पलटण भारतात, ते दुसऱ्याच युनिटबरोबर जाफन्याजवळच्या पलालीच्या विमानतळावर उतरलेले. त्यांच्यासाठी ज्या युनिटला जोडले होते त्याचं नाव हेच अर्धं काम. पलटणीचा इतिहास किंवा गौरवग्रंथ दाखवून भागत नाही. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, श्रीलंकेत होती हे सगळ्यांना मान्य. पण प्रत्येक पलटण मागे एक तुकडी ठेवून जाते, कोणी कोर्सवर असतो, कोणी सुट्टीवर. पलटण गेली म्हणून तुमचा माणूस गेलाच, असं ऑफिस धरत नाही.

शीट रोलची आणि संबंधित पार्ट टू ऑर्डरची प्रत साध्या पत्रानंही मागता येते. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, उत्तर पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अर्ज माजी सैनिकाच्याच नावानं आणि सहीनं करा, ते हयात नसतील तर पेन्शन घेणाऱ्या पत्नीच्या. नातवानं हौसेनं स्वतःच्या नावावर टाकला की ‘त्रयस्थाची वैयक्तिक माहिती’ म्हणून परत येतो. प्रश्नही ‘माझ्या वडिलांवर अन्याय का झाला’ असा नको. ‘अमुक नंबरच्या जवानाच्या ऑगस्ट १९८७ ते मार्च १९९० या काळातल्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती द्याव्यात’ असा हवा.

तोवर घरातली ट्रंक उपसा. पे-बुकात भत्त्याच्या नोंदी बघा, मूव्हमेंट ऑर्डरचा चुरगळलेला कागद बघा, हॉस्पिटलचा डिस्चार्ज स्लिप बघा. आफ्रिकेला गेलेल्याकडे पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड असू शकतं, त्यावर तारीख आणि शिक्का असतो. फोटोच्या मागं काही लिहिलंय का ते पाहा, आणि चौकटीतून काढताना फाडू नका. पत्रांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा: ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ असा फौजी टपालाचा पत्ता परदेश सिद्ध करत नाही, तो भारतातल्या फौजीचाही असतो. आत ‘इथं नारळ फार, आणि तमिळ लोक बोलतात ते कळत नाही’ असं लिहिलेलं असेल तर पत्राचा उपयोग, तोही तारखेसकट. काँगो किंवा गाझाचं जुनं पाकीट सापडलं तर तिकीट सोडवू नका. काँगोतल्या आपल्या फौजेसाठी १९६२ मध्ये भारताच्या नकाशाच्या तिकिटांवर आणि गाझातल्यांसाठी १९६५ मध्ये नेहरूंच्या तिकिटावर वेगळी अक्षरं छापून तिकिटं काढली होती. तसं तिकीट, वर फील्ड पोस्टाचा शिक्का आणि पाठवणाऱ्याचा नंबर, हे एकत्र असलं तर दहा शपथपत्रांपेक्षा भारी.

साक्षीदार निवडताना संख्या बघू नका. एकाच कंपनीतले दोघे, आणि त्यातला एक त्या वेळचा प्लाटून कमांडर किंवा सीनिअर जेसीओ (सुभेदार, नायब सुभेदार) असला तर उत्तम. त्यांनी शपथपत्रात स्वतः पाहिलेलंच लिहावं: जहाजानं गेलो की विमानानं, कुठं उतरलो, कुठल्या पोस्टवर एकत्र होतो, कुठल्या महिन्यापर्यंत. सोबत त्यांच्या स्वतःच्या डिस्चार्ज बुकाचं ते पान जोडा, ज्यात त्यांची श्रीलंकेची नोंद आहे. सरपंचाचा दाखला जोडू नका. सरपंच जाफन्यात नव्हते.

सीमाभागातली खरी डोकेदुखी नावांची. भरतीच्या वेळी क्लार्कनं कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलं, शाळेचा दाखला मराठीत, नाडकचेरीचा (कर्नाटकातली महसूल कचेरी) उतारा कन्नडमध्ये, आधारवर तिसरंच स्पेलिंग. जुन्या कागदांवर जिल्हा ‘बेळगाम’, १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’. चंदगडची आणखी गंमत: हा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, मग कोल्हापुरात गेला, त्यामुळे त्याआधी भरती झालेल्याचा जिल्हा शीट रोलवर बेळगाव आणि रेशनकार्डावर कोल्हापूर. हे सारं एका ‘तोच मी’ शपथपत्रात मांडा आणि कन्नड-मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून जोडा. नाव पार वेगळं असेल तर ती दुरुस्ती स्वतंत्र अर्जानं आधी करून घ्या. दोन्ही मागण्या एका अर्जात घातल्या की एकीच्या त्रुटीपायी दुसरीही अडते.

अर्ज मग एका पानाचा पुरतो. इंग्रजी किंवा हिंदीत. वरती नंबर, रँक, नाव, भरती आणि निवृत्तीच्या तारखा. मध्ये कुठल्या देशात, कुठल्या युनिटबरोबर, कधीपासून कधीपर्यंत. मग मागणी तीन स्पष्ट वाक्यांत: शीट रोलवर नोंद, डिस्चार्ज बुकात दुरुस्ती, पात्र असल्यास मेडल. पेन्शनवाढ यात मागू नका. नुसत्या परदेश सेवेच्या नोंदीनं सर्व्हिस पेन्शन वाढत नाही; तिकडे जखम झाली होती आणि ती लढाईतली म्हणून नोंदली गेली नाही, असं असेल तर तो विषय वेगळा आणि मोठा, त्याला मेडिकल बोर्डाचे कागद लागतात. मूळ कागद एकही देऊ नका, झेरॉक्सवर स्वतः सही करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलं तर जावक नंबर मिळतो, थेट पाठवत असाल तर स्पीड पोस्टची पावती जपा.

नकार आला तर पत्राबरोबर पाकीटही ठेवा, कारण सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जायची मुदत अंतिम आदेशापासून सहा महिने. निवृत्तीनंतर राहणं बेळगाव-खानापूरला असेल तर कोची पीठ, चंदगड-गडहिंग्लजला असेल तर मुंबई. वकील नेमायच्या आधी नकाराचं कारण नीट वाचा. पुष्कळदा एखादा ऑर्डर नंबर किंवा युनिटचं नाव कमी असतं आणि तेवढं दिलं की काम पुढं सरकतं.

दुरुस्ती झाल्याचं पत्र आलं की तिच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागून घ्या आणि सैनिक कल्याण कार्यालयातल्या फाईलमध्येही एक लावा. मेडल आलं तर त्याच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. भिंग घेऊन एकेक आकडा डिस्चार्ज बुकाशी ताडून बघा, आणि चूक दिसली तर त्याच आठवड्यात कळवा.