परदेशातल्या मिशन हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर म्हणून जाताना

मिशन हॉस्पिटल म्हणजे ख्रिस्ती मिशनचा दवाखाना, हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेला मिरजेचा दवाखाना इथल्या जुन्या पिढीला चांगला ठाऊक आहे. आता एमबीबीएस करता करता नेपाळमधल्या तानसेनला किंवा केनियातल्या तेनवेक, किजाबेसारख्या ठिकाणी जायचं मनात असेल, तर तयारी आठ-नऊ महिने आधी सुरू करा.

आधी वेळ ठरवा. आपली इंटर्नशिप १२ महिन्यांची आणि तीत रजा १५ दिवसांची. त्याहून जास्त दिवस बाहेर राहिलात तर ते नंतर भरून काढावे लागतात. म्हणून एकतर इलेक्टिव्हच्या, म्हणजे आवडीचा विषय निवडून शिकायच्या, काळात डीनची लेखी परवानगी घेऊन जा, नाहीतर इंटर्नशिप संपल्यावर. सहा ते आठ आठवडे मिळाले तर उत्तम. औषधं कुठे ठेवतात, रक्त कोण आणून देतं, रात्री कुणाला उठवायचं, हे कळण्यातच पहिला पंधरवडा जातो. दोन आठवड्यांसाठी आलेला विद्यार्थी तिथल्या नर्सला मदत कमी आणि काम जास्त देतो.

कागद

टुरिस्ट व्हिसावर जाऊन रुग्ण तपासू नका. कोणता व्हिसा लागतो आणि तिथल्या मेडिकल कौन्सिलचा तात्पुरता परवाना कोण काढून देणार, हे हॉस्पिटलकडून लेखी मागवा. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण त्यामुळे रुग्णाला हात लावायची परवानगी मिळाली असं होत नाही.

आपल्या भागात कागद अडतात ते नावांवरून. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं. शिवाय २०१४ च्या नोव्हेंबरआधीच्या कागदांवर बेलगाम आणि नंतरच्यांवर बेळगावी. पासपोर्टवर जे नाव आहे तेच गुणपत्रिका आणि विम्यावर अक्षरन् अक्षर उतरलंय का, हे आधी पाहा. कन्नड दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्या. बहुतेक मिशन संस्था पाळकांचं किंवा आपल्या चर्चच्या फादरांचं शिफारसपत्रही मागतात. ते देणाऱ्याला तुमची नीट ओळख असावी.

लशी आणि गोळ्या

हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या अँटीबॉडीची पातळी तपासायची. ती १० mIU/mL च्या वर हवी. आठ-नऊ महिने लागतात ते यासाठीच. कॉलेजात लशी झाल्या असतील तरी पातळी एकदा बघा, कारण काहींना तीन डोस घेऊनही संरक्षण मिळत नाही.

केनियासाठी पिवळ्या तापाची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि निघण्याआधी किमान १० दिवस घ्यावी लागते. पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. ते नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर ६ दिवसांपर्यंत अलग ठेवलं जाऊ शकतं.

मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज घ्यायचं ठरलं, तर जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करा आणि परतल्यावर पूर्ण चार आठवडे चालू ठेवा. घरी पोहोचलं की गोळ्या बंद करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. उन्हानं त्वचाही लवकर भाजते.

बॅगेत स्टेथोस्कोप, पल्स ऑक्सिमीटर, डोक्याला बांधायची बॅटरी, डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा, आपल्या मापाचे हातमोजे, एन-९५ मास्क आणि पुढून बंद बूट. मुदत संपत आलेली सॅम्पलची औषधं दान म्हणून मुळीच नेऊ नका. पोहोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी आणि ती हॉस्पिटलनं मागितलेली असावीत.

हात कुठे थांबवायचा

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. डॉक्टर कमी, रुग्ण ढीगभर. अशा ठिकाणी पांढरा कोट दिसला की लोक तुम्हाला ‘डाक्तारी’ म्हणू लागतात आणि रात्री कुणीतरी हातात ब्लेड देतं. बेळगावात जे एकट्यानं करायची परवानगी नाही, ते तिथेही करायचं नाही. सिझेरियनला मदतनीस म्हणून उभे राहा; एकट्यानं नाही. तुम्ही काय पाहणार, काय देखरेखीखाली करणार, हे निघण्याआधी ईमेलवर ठरवून घ्या. बिल्ल्यावर ‘विद्यार्थी’ असं तिथल्या भाषेत लिहा, स्वाहिलीत ‘म्वानाफुंझी’.

पहिल्याच दिवशी विचारा: सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं कुठे आहेत आणि रात्री किल्ली कुणाकडे असते? टोचल्यावर जागा साबण-पाण्यानं धुवा, दाबून रक्त काढू नका. पहिला डोस शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. स्वतःची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.

भाषेचा सराव तुम्हाला आहेच. गोकाकच्या आजीशी कन्नड आणि खानापूरच्या काकांशी मराठी एकाच वॉर्डात बोलणाऱ्याला दुभाष्याचं मोल कळतं. दुभाष्याकडे न बघता रुग्णाकडे बघा, एका वेळी एकच प्रश्न विचारा. स्वाहिलीत औषधाला ‘दावा’ म्हणतात. आपल्या दवाखान्यातला ‘दवा’ तोच. दुखणाऱ्याला ‘पोले’ म्हटलं की त्याला आपली कळकळ पोहोचते.

अनेक मिशन हॉस्पिटलांत सकाळ प्रार्थनेनं सुरू होते. ख्रिस्ती नसलात तरी शांतपणे बसता येतं. काय अपेक्षित आहे ते आधी विचारा. रुग्णासाठी प्रार्थना करायची असेल तर त्याची परवानगी घ्या, आणि नको म्हटलं तरी उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये. रुग्णांचे फोटो मोबाइलवर काढू नका.

परतल्यावर तीन महिन्यांत, अगदी वर्षभरातही, ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात कोणत्या देशातून आलात ते सांगा, नाहीतर शोध डेंग्यू-टायफॉइडपासून सुरू होतो. मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करा. निगेटिव्ह आली तरी १२ ते २४ तासांनी पुन्हा करा, आणि तरीही संशय राहिला तर तिसऱ्यांदा.